गाव रिकामे झाल्यावर राखणीला कोण?

सन्माननीय श्री. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री, गृहमंत्री आणि राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य, यांना



मायन्यात आपली तिन्ही पदे मुद्दाम लिहिली आहेत. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात मी ग्रामपंचायत सदस्य आहे. ज्या प्रश्नासाठी हे पत्र लिहितो आहे, तो मंत्रालयात पोहोचला की त्याच्या दोन फायली होतात. पोलिसांची फाईल गृह विभागात जाते, पुराची फाईल मदत व पुनर्वसन आणि जलसंपदा विभागांत फिरते. गावात मात्र तो एकच प्रश्न असतो. पाणी चढायला लागल्यावर गाव हलवणार कोण, आणि हलवलेले गाव राखणार कोण? या दोन्ही फायली ज्यांच्यासमोर एकत्र येऊ शकतात असे राज्यात आपणच आहात. जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांना आम्ही निवेदने देतोच. पण जे त्यांच्या हातात नाही ते त्यांच्याकडे किती वर्षे मागायचे, म्हणून हे खुले पत्र.

आमचा पूर आपण जवळून पाहिला आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपणच मुख्यमंत्री होता आणि गृहखातेही आपल्याकडे होते. महाजनादेश यात्रा थांबवून आपण कोल्हापूर-सांगलीकडे आला होता. २०२१ च्या जुलैअखेरीस विरोधी पक्षनेते म्हणून आपण कोल्हापुरात शाहूपुरीतल्या पूरग्रस्तांना भेटत होता, आणि तिथेच तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांची व आपली भेट झाली होती. पंचगंगेची पातळी जिथे मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. असा पूर पुन्हा पाहायला लागू नये असे म्हणत लोक घरे धुऊन काढत होते, तोवर दोनच वर्षांनी ते ५६ फुटांवर गेले. १९८९ आणि २००५ चे पूर सांगणारी जुनी माणसे या दोन पुरांपुढे गप्प झाली.

जिल्ह्यातला पूर सगळीकडे सारखा नाही. पश्चिमेला गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळा या भागांत पाऊस कोसळतो आणि काही तासांत ओढे-नद्या रस्त्यावर येतात. मांडुकलीजवळ पाणी आले की गगनबावड्याचा रस्ता बंद. केर्लीजवळ आले की रत्नागिरीचा रस्ता बंद. करवीरमध्ये प्रयाग चिखली आणि आंबेवाडी यांना पाणी वेढते. आमच्या शिरोळात पाणी हळू येते पण लवकर जात नाही. वरून कृष्णा वारणेला घेऊन येते, नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते, पुढे दूधगंगा येते. कृष्णाच तुडुंब असली की पंचगंगेला पुढे सरकायला जागा राहत नाही, आणि फुगवटा मागे गावागावांत शिरतो. कुरुंदवाड, राजापूर, खिद्रापूर, औरवाड, गौरवाड, बुबनाळ, आलास या गावांना असे पाणी आठ-आठ, दहा-दहा दिवस सोसावे लागले आहे. पश्चिमेला पोलीस लागतो तो रस्ता अडवायला. आमच्याकडे तो लागतो गाव राखायला. हा फरक मी ज्या बैठकांना बसलो त्यांत कधी नीट मांडला गेलेला ऐकला नाही.

गाव राखण्याचा मुद्दा मी एवढ्या आग्रहाने का मांडतो, ते सांगतो. पूरपट्ट्यातला माणूस हटवादी आहे, सांगूनही घर सोडत नाही, अशी तक्रार दर पुरानंतर होते. बाहेरून पाहणाऱ्याला तसे वाटणे साहजिक आहे. पण त्याच्या जागी उभे राहून पाहावे. दावणीला दोन म्हशी आहेत. कणगीत वर्षाचे धान्य आहे. पेटीत लेकीच्या लग्नासाठी जमवलेले चार दागिने आहेत. विहिरीवरची मोटर नुकतीच काढून ओसरीवर आणून ठेवली आहे. गाव रिकामे होणार, वीज बंद होणार, आठवडाभर तिथे काळे कुत्रेही फिरकणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. मग तो बायको-पोरांना शिबिरात पाठवतो आणि स्वतः मागे राहतो. घरटी एक माणूस असा मागे राहिला तरी गावात दीड-दोनशे माणसे उरतात. तिसऱ्या दिवशी पाणी माळवदाला लागते, आणि मग त्याच दीड-दोनशे माणसांना काढण्यासाठी अंधारात, तारांच्या जंजाळातून, ओढीच्या पाण्यात बोटी घालाव्या लागतात. गावाच्या वेशीवर रात्रंदिवस पहारा आहे, बोटीतून गस्त फिरते आहे, घराची नोंद पोलीस ठाण्यात झाली आहे, एवढा भरवसा त्याला पहिल्याच दिवशी मिळाला असता तर त्यातले बहुतेक जण आपल्या पायांनी बाहेर पडले असते. चार शिपायांचा पहारा दीडशे माणसांच्या सुटकेची धावपळ वाचवतो. पुराच्या आराखड्यात बोटी मोजल्या जातात, लाइफ जॅकेट मोजली जातात, इंजिने मोजली जातात. पोलीस मोजला जात नाही. तो असणारच असे गृहीत धरलेले असते.

तो नाही, हे मला आपल्याला सांगायचे आहे.

पोलिसांत कपात केली असे शासनाने कधी जाहीर केलेले नाही, आणि तसा आरोपही मी करत नाही. ग्रामीण पोलिसांची कपात जाहीर न होता होते. बीट अंमलदार निवृत्त होतो, त्याची जागा वर्ष-दीड वर्ष रिकामी राहते, त्याची गावे शेजारच्या बीटला जोडली जातात. पोलीस दूरक्षेत्राच्या खोलीला कुलूप लागते, कारण तिथे बसायला माणूस नसतो. देशभर पोलिसांच्या मंजूर पदांपैकी साधारण पाचातले एक पद रिकामे असते. जी पदे भरलेली असतात त्यांतली माणसेही गावापर्यंत येतात असे नाही. कुणी न्यायालयात कैदी घेऊन गेलेला, कुणी समन्स बजावतो आहे, कुणी बंदोबस्तावर, कुणी गार्ड ड्युटीवर. चाळीस वर्षांहून जास्त काळ झगडून मिळालेले उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झाले. त्याचा आनंद आम्हा सगळ्यांना आहे. पण अशा प्रत्येक नव्या जबाबदारीला लागणारी माणसे त्याच मनुष्यबळातून निघत गेली, तर शेवटी कमी होतो तो खेड्यातला पोलीस. शहरातला चौक मोकळा दिसला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते. खेड्यातले बीट मोकळे पडले तर पूर येईपर्यंत कुणाला कळत नाही.

त्यात पावसाळ्याचे महिने हे बंदोबस्ताचेही महिने असतात. आषाढी वारीला पंढरपूरच्या बंदोबस्तासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून पोलीस जातात. पुढे नागपंचमी, स्वातंत्र्यदिन, दहीहंडी, गणपती. २०२४ चा जुलै आठवा. १४ जुलैला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात हिंसाचार झाला, घरे-दुकाने फोडली गेली आणि शाहूवाडी तालुक्यात मोठा बंदोबस्त लावावा लागला. १७ जुलैला आषाढी. आणि त्याच महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात पंचगंगेने धोक्याची पातळी ओलांडली. एकाच जिल्ह्याच्या दलाने एका महिन्यात तणाव, वारी आणि पूर असे तिन्ही पेलायचे. त्या दलातल्या माणसांविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. स्वतःच्या घरात पाणी शिरलेले असताना दुसऱ्याच्या म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन जाणारे पोलीस आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या कष्टांवर विसंबून नियोजन करणे मात्र शासनाने थांबवले पाहिजे.

त्याच पुरात, २ ऑगस्ट २०२४ रोजी, आमच्या तालुक्यात अकिवाट-बस्तवाड रस्त्यावर पाण्यातून जाणारा ट्रॅक्टर उलटला आणि माणसे वाहून गेली. त्या दुर्घटनेचा दोष मी कुणावर ठेवत नाही. गावाचीच कामे करणारी माणसे त्यात गेली आणि तालुका हळहळला. पण या भागातल्या कुणालाही विचारा, पाणी आलेल्या रस्त्यावर ट्रॅक्टर घालणे ही इथली रोजची गोष्ट आहे. रोज जातो तो रस्ता, पाणी गुडघ्याएवढेच दिसते, मध्ये रस्त्याचा भराव वाहून गेलेला आहे हे दिसत नाही. बॅरिकेड लावलेले असते. ते बाजूला सरकवायला दोन माणसे पुरतात. रस्ता खऱ्या अर्थाने बंद होतो तो त्याच्या दोन्ही टोकांना गणवेशातला माणूस उभा राहिल्यावर. सरपंचाने, सदस्याने, गावच्या पोराने अडवले तर वाद होतो. ‘तू कोण अडवणार?’ हे मला स्वतःला ऐकावे लागले आहे. गणवेशासमोर तो प्रश्न येत नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी बोट उलटून डझनाहून अधिक माणसे बुडाली, तेव्हा बोटीत क्षमतेपेक्षा जास्त लोक होते. भेदरलेल्या गर्दीला ‘आता बास, पुढच्या फेरीला या’ असे ठणकावून सांगायला अधिकार असलेला माणूस लागतो. हे काम पोहता येणाऱ्या स्वयंसेवकाचे नाही. आपदा मित्र योजनेत तयार झालेली मुले जीव ओतून काम करतात, त्यांचे मोल फार मोठे आहे, पण अडवण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही.

पुरात पोलिसांची आणखीही कामे असतात, ती थोडक्यात सांगतो. धरण फुटल्याची अफवा मोबाईलवर फिरते, ती तासाभरात खोडून काढावी लागते. शिबिरांत शेकडो बायका-मुली रात्री उघड्या वर्गखोल्यांत झोपतात, तिथे महिला पोलीस लागते. मदतीचे ट्रक येतात तेव्हा रस्त्यालगतच्या गावांना तीनदा मिळते आणि आतल्या गावांना एकदाही मिळत नाही, ते वाटप नीट लावून द्यावे लागते. संकटकाळात ११२ क्रमांक लावावा हे सर्वांना शिकवले आहे. तो फोन आधी नवी मुंबईच्या किंवा नागपूरच्या केंद्रात जातो आणि तिथून जिल्ह्याकडे येतो. एरवी ही व्यवस्था उपयोगी आहे. पण पुरात वीज गेली की टॉवर बंद पडतात. मग उरते पोलिसांची बिनतारी यंत्रणा, आणि ती ज्याच्या हातात आहे तो माणूस गावात असेल तरच उपयोगाची.

आता पोलीस पाटलांविषयी. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ हा कायदा मी ग्रामपंचायतीत आल्यावर वाचला, आणि त्यातल्या कर्तव्यांच्या कलमाने मला थांबवले. गावातल्या गुन्ह्यांची खबर देणे एवढेच पोलीस पाटलाचे काम नाही. गावाचे आरोग्य आणि गावाची सर्वसाधारण स्थिती यांची माहिती दंडाधिकाऱ्याला देत राहणे हेही त्याचे कर्तव्य आहे. गावात कुणाची आजी अंथरुणाला खिळलेली आहे, कुठली सून बाळंतपणाला आली आहे, कुठल्या वस्तीत पाणी आधी शिरते, कुणाकडे होडीसारखी वापरता येणारी गुळाची काहिल आहे आणि कुणाला होडी वल्हवता येते, हे ज्याला रोजच्या कामातून माहीत असते तोच पहाटे तीन वाजता कामाला येतो. २०२४ मध्ये पोलीस पाटलांचे मानधन ६,५०० वरून १५,००० रुपये झाले, तेव्हा गृहखाते आपल्याकडेच होते. तो निर्णय चांगला होता आणि त्याबद्दल आपले आभार मानले पाहिजेत. पण पद रिकामे असेल तर मानधन कुणाला? एका पोलीस पाटलाकडे दोन-तीन गावांचा अतिरिक्त कार्यभार असतो. पूर आला की त्या दोन-तीन गावांच्या मध्ये नदी असते. तो एकाच काठावर अडकतो.

या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. गावाच्या कारभाराला वतनाने आलेला नव्हे, जबाबदार धरता येईल असा माणूस पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. पुढे पाटीलकीचे वतनही गेले आणि १९६७ च्या कायद्याने पोलीस पाटील नेमणुकीचा झाला. शेजारच्या सांगली जिल्ह्यातले आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तिच्याविषयी मते वेगवेगळी असतील. पण पोलीस पाटील, बीट अंमलदार आणि ग्रामसभा यांना एका सतरंजीवर बसवण्याचे काम तिने केले, आणि तंट्यांसाठी जे बसू शकतात ते पुरासाठीही बसू शकतात.

पूर पावसाळ्यातच येतो असेही धरून चालता येत नाही. राधानगरीच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की ते आपोआप उघडतात आणि एकेका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी भोगावतीत पडते. ती जुनी, अजूनही चालणारी करामत आहे आणि नदीकाठाला तिची सवय आहे. पण २०२१ च्या डिसेंबरअखेर याच धरणावर दुरुस्तीच्या वेळी एक सेवाद्वार उघडेच अडकले, आणि भर हिवाळ्यात भोगावतीला लोंढा आला. नदीकाठच्या गावांना तातडीने सावध करावे लागले. पावसाळ्यापुरता उघडणारा नियंत्रण कक्ष अशा दिवशी नसतो. बारा महिने गावात असते ती पोलीस पाटील आणि बीट अंमलदार यांचीच साखळी, आणि तिच्यातली एकेक कडी रिकामी होत चालली आहे.

आमच्या भागात पुराची चर्चा निघाली की ती अलमट्टी धरणावर जाते. कर्नाटकाला अलमट्टीची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची आहे. त्याला आमचा विरोध आहे आणि शासनाने तो ठामपणे लढवावा. २०१९ च्या पुराची कारणे तपासणाऱ्या वडनेरे समितीने २०२० मध्ये दिलेल्या अहवालात अतिवृष्टी आणि नदीकाठची बांधकामे यांवर बोट ठेवले; निळ्या आणि लाल पूररेषेच्या आतल्या बांधकामांचा प्रश्न अजून तसाच आहे. शिरोलीजवळच्या महामार्गाच्या भरावाने पाणी अडते ही तक्रार जुनी आहे. १९८९ च्या पुरानंतर चिखली-आंबेवाडीसाठी सोनतळीला जागा दिली गेली, तरी दर मोठ्या पावसात त्या गावांची धावपळ संपलेली नाही. ही सगळी कामे मोठी आहेत. त्यांना न्यायालये लागतात, लवाद लागतात, हजारो कोटी लागतात आणि वर्षे लागतात. ती व्हावीत. पण माझी मागणी त्यांच्या रांगेत उभी करू नये अशी विनंती आहे. रिकामे पद भरायला दुसऱ्या राज्याची संमती लागत नाही.

एका कायदेशीर गोष्टीकडेही लक्ष वेधतो. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम २५ प्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि सहअध्यक्ष स्थानिक प्राधिकरणाचा निवडून आलेला प्रतिनिधी असतो. पोलीस अधीक्षक त्याचे पदसिद्ध सदस्य. म्हणजे पोलीस आणि पूर एका टेबलावर आणायची, आणि त्या टेबलावर लोकांचा माणूस बसवायची सोय संसदेने आधीच केलेली आहे. कोल्हापूर जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि तिथे प्रशासक आले. महापालिकेत तर नोव्हेंबर २०२० पासूनच प्रशासक होते. २०२२ ते २०२५ हे चार पावसाळे जिल्हा परिषदेत लोकांनी निवडलेला प्रतिनिधी नसताना गेले. आम्हा ग्रामपंचायतींची अडचण त्याहून मूळची आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी अकराव्या अनुसूचीत २९ विषय दिले. त्यांत ना पोलीस आहे, ना पूर. जिल्ह्यात एक हजाराहून अधिक ग्रामपंचायती आहेत. शिबिराला शाळा आम्ही उघडून देतो, चुली आम्ही पेटवतो, जनावरांचा चारा आम्ही गोळा करतो, पण आपल्या गावाला किती पोलीस मिळणार हे विचारण्याची जागा आम्हाला कुठल्याच कागदात नाही.

ओडिशाचे उदाहरण आपल्याला नवे नसेल. १९९९ च्या ऑक्टोबरातल्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे मेली. दोन वर्षांत त्या राज्याने स्वतःचे आपत्ती कृती दल उभारले, आणि त्यासाठी माणसे घेतली ती राज्याच्या सशस्त्र पोलिसांतून. ती तुकडी एका शहरात न ठेवता राज्याच्या वेगवेगळ्या भागांत ठेवली. २०१३ मध्ये फायलिन आले तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवले गेले आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. अंदाज वेळेत मिळाला, निवारे होते, गावोगावची साखळी होती, हे सगळे त्यामागे आहेच. पण पोलीस आणि आपत्ती ही दोन खाती आहेत असे त्या राज्याने मानले नाही, हे मला त्यातले महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे राज्य आपत्ती प्रतिसाद दल आहे, पण ते धुळे आणि नागपूरला आहे. राष्ट्रीय दलाची बटालियन पुण्याजवळ आहे. अलीकडे पावसाळ्यात तिची तुकडी कोल्हापुरात आधीच येऊन थांबते, ही चांगली सुधारणा आहे. पण २०१९ आणि २०२१ सारखा पूर आला तर एक तुकडी शहरालाही पुरत नाही, आणि नंतरची कुमक ज्या महामार्गाने यायची तो शिरोलीजवळ पाण्याखाली जातो.

म्हणून आमचे मागणे असे आहे. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा यांच्या काठावरच्या पोलीस ठाण्यांना पूरप्रवण ठाणी म्हणून शासनाने वेगळी ओळख द्यावी, आणि तिथली मंजूर पदे व प्रत्यक्ष हजर माणसे यांचा आकडा दरवर्षी १ जूनपूर्वी जाहीर करावा. राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये सुमारे १५ हजार पोलीस भरतीला मंजुरी दिली आहे. त्यातून येणाऱ्या माणसांचे वाटप करताना लोकसंख्या आणि गुन्हे यांबरोबर पूरही निकष म्हणून धरावा. १५ जुलै ते ३१ ऑगस्ट या काळात या ठाण्यांतले पोलीस बाहेरच्या बंदोबस्ताला पाठवू नयेत. फारच गरज पडली तर बदली माणूस आल्यावरच पाठवावेत. पूरपट्ट्यातल्या पोलीस पाटलांची रिकामी पदे प्रांताधिकाऱ्यांनी पावसाळ्याआधी भरावीत, आणि नदी मध्ये येणाऱ्या दोन गावांचा कार्यभार एकाकडे देऊ नये. होमगार्डना या काळासाठी आधीच नेमणुका द्याव्यात, ऐनवेळी फोन करून नव्हे, आणि रिकाम्या गावांच्या पहाऱ्याचे काम त्यांना लेखी द्यावे. राज्य आपत्ती दलाची एक कायम तुकडी कोल्हापूर-सांगलीसाठी असावी. आणि जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात ‘स्थलांतरित गावांचे संरक्षण’ असे स्वतंत्र प्रकरण असावे, ज्यात कोणत्या गावाला किती माणसे, कुठल्या ठाण्यातून, किती फुटांवर पाणी आल्यावर, हे नावनिशीवार लिहिलेले असेल. तो आराखडा ग्रामसभेत वाचून दाखवावा. लोकांना तो एकदा ऐकू द्या. किती माणसे घर सोडायला तयार होतात ते आपणच पाहाल.

यातली कुठलीही मागणी अवाजवी आहे असे वाटत असेल तर तसेही कळवावे. उत्तर आल्यास ते मी आमच्या ग्रामसभेत वाचून दाखवीन आणि शेजारच्या गावांनाही देईन. या पत्रासोबत ठराव जोडलेला नाही. इतर ग्रामपंचायतींच्या सदस्यांना मी इथूनच विनंती करतो की त्यांनी आपापल्या ग्रामसभेत या विषयावर ठराव करावा, आपल्या बीटला किती पोलीस मंजूर आहेत आणि किती आहेत हे पोलीस ठाण्यात जाऊन लेखी विचारावे, आणि तो आकडा गावच्या फलकावर लावावा.

आपला विश्वासू,
पूरपट्ट्यातील एक ग्रामपंचायत सदस्य
तालुका शिरोळ, जिल्हा कोल्हापूर